शनिवारी दुपारी तीन वाजता

गिब टेनंटशी माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "एफी, हा माणूस जेवताना तरी खाली बसतो का गं?"

नाही बसायचा. ताटली हातात घेऊन खिडकीशी उभा राहूनच खायचा. चौदाव्या वर्षी स्कॉटलंडातल्या आमच्या ड्रमकेर्नच्या खाणीत उतरलेला, आठ-आठ तास ओणवा राहून कोळसा फोडलेला माणूस. वर आला की त्याला फक्त पळायचं असायचं.

बावन्न साली त्यानं आमच्या जिल्ह्याच्या फुटबॉल क्लबासाठी एका हंगामात एकेचाळीस गोल केले. चेंडू कुठे पडणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं.

"कसं कळतं रे?" मी विचारलं.

"कळत नाही. आहे तिथे राहवत नाही म्हणून दुसरीकडे जातो. चेंडू तिथेच येतो."

पुढच्या उन्हाळ्यात क्लबाचे सेक्रेटरी मिस्टर क्रँब दारात उभे. "टेनंट, तुला हॅल्सबीला विकलंय. सोमवारची गाडी पकड."

"मला कुणी विचारलं?"

"विचारायचं काय त्यात? इंग्लंडला पाठवतोय, फासावर नाही."

हॅल्सबीच्या मॅनेजरनं त्याला गोलासमोरून उचलून उजव्या कडेला नेऊन ठेवलं. रेषा सोडून आत यायचं नाही, ही ताकीद. दावणीच्या खोंडासारखी गत झाली त्याची. दोन वर्षं काढली आणि नव्या कराराच्या दिवशी त्यानं सही करायला नकार दिला.

मॅनेजर हसला. "जा की. पण तुझी नोंदणी आमच्याकडे राहील. आम्ही सोडल्याशिवाय इंग्लंड-स्कॉटलंडच्या लीगमधला एकही क्लब तुला उभा करणार नाही."

तसंच झालं. आम्ही गावी परतलो. एकोणतिसाव्या वर्षी गिब पुन्हा खाणीत उतरला. पाळीवरचे लोक चिडवायचे, "काय गिब, इंग्लंडचं पाणी बाधलं वाटतं!" तोही हसायचा. आठवडा कसाबसा निघायचा. शनिवार मात्र निघत नसे. सगळीकडचे सामने तीनला सुरू व्हायचे; ह्याच्या अडीचपासूनच दार ते शेगडी, शेगडी ते दार अशा येरझाऱ्या सुरू. पश्चिमेचा वारा असला की दोन मैलांवरच्या मैदानाचा गलका ऐकू यायचा. मग तो थबकायचा. "डोक्यानं मारला," म्हणायचा आणि पुन्हा चालू लागायचा.

त्याच हंगामात पेपरात आलं, स्कॉटलंडच्या संघाला सेंटर फॉरवर्ड मिळेना, म्हणजे गोलासमोरची गिबचीच जागा. मी तो पेपर गुपचूप शेगडीत घातला. पण खाणीत त्यानं तो आधीच वाचलेला होता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी माझाच धीर सुटला. मला आठवा महिना होता. "कर ना एकदाची सही! संपव हे."

"त्या रेषेवर उभा राहून मरेन मी, एफी."

"आणि इथे काय जगतोयस?"

तो कोट उचलून सरळ निघून गेला. अंधार पडला, तरी पत्ता नाही. शेवटी बसमधून उतरला तो गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला ताजा मासा.

"कुठे तडमडला होतास?"

"चालत पोर्टकॅरनला गेलो. बंदरावर मॅच होती. तिथल्या कोळ्यांची एक बोट परतली नव्हती, म्हणून त्यांच्या टीमला एक माणूस कमी. ती टीम लीगबाहेरची, तिथे हॅल्सबीचा कागद चालत नाही."

"मग?"

"बूट उसने होते, एक नंबर मोठे. तीन मारले." आणि त्या रात्री तो जमिनीवर फतकल मारून बसला, भिंतीला टेकून, आणि तसाच झोपला. मला रागही आला आणि हसूही.

मग दर शनिवारी पोर्टकॅरन. सही नाकारल्याला दीड वर्ष झालं तेव्हा हॅल्सबीनं हट्ट सोडला, त्याला मोकळं केलं. जुन्या क्लबानं लगेच घेतलं. पाच सामन्यांत सहा गोल! सहाव्या सामन्यात गुडघा उलटा फिरला. डॉक्टरांनी हात लावून पाहिला आणि सांगितलं, आता खेळणं बंद. एकतीस वर्षांचाच होता तो.

पोर्टकॅरनच्या कोळ्यांनी मग त्याला शिकवायला बोलावलं. आम्ही मुलीला घेऊन तिथेच राहायला गेलो. सतरा वर्षं त्यानं ती टीम घडवली. सामना सुरू असताना लंगडत मैदानाच्या कडेनं अख्खं अंतर चालायचा, ओरडायचा, "आहेस तिथे राहू नकोस रे!"

हॅल्सबीचं नाव तो क्वचित काढायचा. काढलं की एवढंच म्हणायचा, "दीड वर्ष खाल्लं माझं." आणि काठी घेऊन बाहेर पडायचा, बंदराच्या टोकापर्यंत.