दिव्यांची तिसरी जोडी

जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा उरली नाही, त्या दिवशी काकूंचा पारा चढला. टेबलभर गाडीचे दिवे! एलईडीची एक जोडी, झेनॉनची एक जोडी, त्यांचे खोके, वायरी, रबरी टोप्या, आणि मधोमध काकांची वही. वहीत तीन आठवड्यांचा अभ्यास. कुठला दिवा किती पांढरा, कुठला किती तापतो, कुणाच्या मागे पंखा आहे नि कुणाच्या मागे नाही. लग्न ठरवतानासुद्धा या माणसाने एवढी चौकशी केली नव्हती. काकूंना एकदा बघितलं आणि हो म्हणून मोकळा झाला होता.

“अहो, जेवायचं कुठे? डोक्यावर ताट घेऊ?”

“थांब गं जरा. हे बघ, हा चार हजार तीनशे केल्विनचा, जरा पिवळसर, आणि हा सहा हजारचा, पांढराशुभ्र. हा बरा की हा बरा?”

“मला गरम जेवण बरं. ते कुठल्या दिव्यात मिळेल तेवढं सांगा.”

“हा बरा की हा बरा” हे काकांचं आयुष्यभराचं वाक्य. दोघांचं चष्म्याचं दुकान होतं, घराला लागूनच, चाळीस वर्षांचं; आता बंद असलं तरी आतलं सगळं जागच्या जागी. मागच्या खोलीत काका डोळे तपासायचे, पुढे काकू फ्रेमी दाखवायच्या आणि काचा बसवून द्यायच्या. आलेल्या माणसाच्या नाकावर तपासणीची चौकट चढवायची, तिच्यात एकामागून एक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, हे बरं की हे बरं? अख्खा गाव त्या खुर्चीत बसून गेला होता. अख्खा गाव त्यांना काका-काकूच म्हणायचा.

आता हे दिव्यांचं खूळ कशापायी, तर नातीपायी. नात अकरा वर्षांची, पाण्यात पडली की बाहेर निघायचं नाव नाही, म्हणून घरात तिचं नाव मासोळी. तिला रोज पहाटे पोहण्याच्या सरावाला सोडावं लागे. मुलगा आणि सून दोघंही पाळीवर जाणारे, ते त्याआधीच घर सोडत. म्हणून सोडायचं काम काकांचं. काम कसलं, दिवसभरातला तेवढाच वेळ काका खऱ्या अर्थाने जगत. त्या वीस मिनिटांत पोरगी आजोबांना जे सांगायची ते आईबापालाही सांगत नसे. कोण मैत्रीण रुसली, कोण बाई ओरडल्या, सगळं. काका घरी येऊन त्यातलं एक अक्षर काकूंना सांगत नसत. “आमचं दोघांचं आहे,” म्हणून मिशीत हसायचे. मेला मान तो केवढा!

तीन आठवड्यांपूर्वी काका तिला सोडून आले ते कुरकुरतच. “दिवे मेलेत गाडीचे. रस्ता म्हणून दिसत नाही. पोरीला घेऊन जायचं म्हणजे चांगले दिवे पाहिजेत. कंपनीचे दिवे म्हणजे नुसत्या मेणबत्त्या!”

गाडी गॅरेजवालीकडे गेली. बापामागे तिनेच गॅरेज सांभाळलेलं. हात कायम काळे, बोलणं सरळ. तिने दिवे लावले, विझवले, काचेवर आलेला पिवळेपणा घासून काढला आणि म्हणाली, “काका, दिवे ठणठणीत आहेत. काही बदलू नका.”

“तुला काय कळतंय? उजेडाचा धंदा माझा आहे.”

झालं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शहाणा स्वतःच शब्द मारायला लागला तर कोण काय करणार? पहिली जोडी बसली. इतकी लख्ख, की समोरून येणारा प्रत्येक जण दिवे मारून शिव्या घालायचा आणि समोरच्या घरातल्या बाई पडदे ओढून काकूंशी बोलेनाशा झाल्या. काकांचं म्हणणं, उजेड पांढरा आहे पण धूसर आहे. दुसऱ्या जोडीला म्हणे रंग बरा, पण आता समोरच्या गाड्यांच्या दिव्यांना काटे फुटतात. “दिव्यांना काटे?” काकूंनी विचारलं. “तुला नाही कळायचं,” काका म्हणाले. रोज संध्याकाळी काका गाडी घराच्या भिंतीसमोर उभी करायचे, काकूंना हातातलं काम टाकून बाहेर बोलवायचे, एका बाजूला एक दिवा नि दुसऱ्या बाजूला दुसरा लावायचे आणि विचारायचे, हा बरा की हा? काकूंच्या नाकी नऊ आले. एकदा तर त्या वैतागून म्हणाल्या, “दोन्ही काढा आणि कंदील बांधा!”

तिसऱ्या जोडीसाठी मात्र त्या स्वतः गॅरेजवर गेल्या, एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावायला. या खेपेला नुसते दिवे नव्हते, आतल्या गोल भिंगासकट अख्खा सांगाडाच होता. गॅरेजवालीने दुपारभर खपून तो बसवला. उजेड नीट पडतो का ते बघायला तिने भिंतीवर खडूने एक आडवी रेघ ओढलेली होती. शटर खाली घेतलं, दिवे लावले. उजेडाची कड रेघेवर येऊन थांबली, कात्रीने कागद कापावा तशी.

“वा!” काकू म्हणाल्या. “सुटलो बाई.”

“कसली वा?” काका भिंतीकडे डोळे बारीक करून बघत होते. “कड कुठे आहे? सगळं पसरट झालंय. आणि तू रेघ ओढणार होतीस ना गं? विसरलीस वाटतं.”

गॅरेजवालीने हातातलं फडकं खाली ठेवलं. रेघ चांगली बोटभर जाड होती. तिने काकांकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि काका पाणी प्यायला गेल्यावर हळूच म्हणाली, “काकू, उद्या पहाटे तुम्ही बसून बघा गाडीत.”

काकूंना उलट तिचाच राग आला. आता मी पहाटे उठून यांच्या दिव्यांची परीक्षा घेत फिरू? पण बसल्या. मागच्या सीटवर, शाल गुंडाळून, तोंड फुगवून. पुढे काका, शेजारी मासोळी.

बाहेर अजून अंधार होता. नवे दिवे झकास होते. काकूंना रस्ता दिसत होता, कडेचे दगड दिसत होते, पुढे चाललेला सायकलवाला तर अगदी त्याच्या पाठीवरच्या पिशवीसकट दिसत होता. सायकल जवळ आली. आणखी जवळ आली. काकांचा पाय काही उचलेना.

“आजोबा, सायकल,” मासोळी शांतपणे म्हणाली.

“अहो!” काकू किंचाळल्या.

गाडी करकचून थांबली. सायकलवाला एक पाय टेकवून उभा राहिला आणि त्याने काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काका काच खाली करून त्याला म्हणाले, “अरे, मागे दिवा नको का लावायला?” त्याच्या सायकलला मागे दिवा होता. लाल, लुकलुकणारा.

पुढच्या रस्त्यात कुणी बोललं नाही. म्हणजे मोठं कुणी. मासोळी बोलत होती. “आजोबा, वळण. आजोबा, खांब. आजोबा, एक आजी रस्ता ओलांडतायत.” तलावापाशी उतरल्यावर काकूंनी तिला बाजूला घेतलं. “हे तू रोज सांगतेस?”

“हो. आमचा खेळ आहे तो. मी सांगायचं आणि आजोबांनी चालवायचं.” मग तिने जरा विचार केला. “आजी, आईला नको सांगूस. मग ती आजोबांना येऊ देणार नाही.”

अकरा वर्षांचं लेकरू रोज पहाटे म्हाताऱ्याचे डोळे होऊन बसत होतं, आणि आपण घरी टेबलावरच्या पसाऱ्यावरून भांडत होतो!

घरी आल्या आल्या त्यांनी तोफ डागली. “आधी डोळे तपासा. गाडीचे नव्हे, तुमचे! नाचता येईना अंगण वाकडं!”

“माझे?” काका दुखावलेच. “अगं, दर महिन्याला तपासतो मी. मागच्याच आठवड्यात तपासले. शेवटची ओळ घडाघडा वाचली. एल, ई, एफ, ओ, डी, पी, सी, टी!”

स्वयंपाकघरात उभे राहून त्यांनी ती म्हटली, पाढे म्हणावेत तशी. काकूंच्या लक्षात आलं, की त्यांच्याबरोबर आपलेही ओठ हलले. दुकानात तो एकच तक्ता होता, चाळीस वर्षं एकाच खिळ्यावर. त्याची शेवटची ओळ काकूंनासुद्धा झोपेत म्हणता आली असती. काका खोटं बोलत नव्हते. खुर्चीत बसत होते, तक्त्याकडे बघत होते, आणि डोळ्यांच्या आधी तोंडच वाचून मोकळं होत होतं. गावाचे डोळे तपासणारा माणूस, आणि दिव्याखाली अंधार तो असा.

दुपारी काका आडवे झाल्यावर काकू दुकानात गेल्या. कपाटामागे एक नवा तक्ता गुंडाळून पडला होता. कुणीतरी भेट दिलेला, काकांनी कधी लावला नव्हता. सवयीचा बरा, म्हणायचे. त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर तेच, बाकी सगळ्या ओळी वेगळ्या. काकूंनी जुना काढला, नवा त्याच खिळ्यावर टांगला आणि काकांना बोलावलं.

“बसा. माझ्यासमोर वाचून दाखवा, म्हणजे माझ्या जिवाला शांती.”

“तुझ्या जिवाला शांती या जन्मात तरी नाही,” म्हणत काका बसले. पाठ ताठ केली. “वरचं वाचतच नाही. शेवटची ओळ ऐक. एल, ई, एफ, ओ, डी, पी, सी, टी. झालं समाधान?”

आठांतलं एकही अक्षर बरोबर नव्हतं. चार दिवसांपूर्वी असं काकांना पकडलं असतं तर काकू टाळ्या पिटून हसल्या असत्या. आत्ता त्यांनी नुसता काकांचा हात धरला, भिंतीपाशी नेलं आणि शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट ठेवलं.

काकांनी नाक जवळजवळ कागदाला लावलं. एकेक अक्षर वाचलं, हळूहळू. मग बोट तिथेच राहिलं.

“हा कधी लावलास?”

“आत्ताच.”

काका आपणहून खुर्चीत येऊन बसले. “चौकट दे,” म्हणाले.

काकूंनी चौकट त्यांच्या नाकावर बसवली. चाळीस वर्षं बाहेरून ऐकलेलं काम, त्यांना सगळं येत होतं. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. “हे बरं की हे बरं?”

“दोन्ही सारखीच.”

“आणि हे?”

“सारखंच गं.” पेटीतली भिंगं संपत आली तेव्हा काकांनीच चौकट काढून ठेवली. “राहू दे. भिंगाने भागणार नाही. मोतीबिंदू आहे. समोरच्या दिव्यांना काटे फुटतात म्हणत होतो ना मी? हे ऐकलं की लोकांना दोन मिनिटांत सांगायचो. घाबरू नका, शस्त्रक्रिया करून घ्या, आणि तोवर गाडी चालवू नका.” त्यांनी भिंगांच्या पेटीचं झाकण लावलं. “तोवर गाडी चालवू नका, हे मी सांगायचो गं. आणि पोरीला शेजारी बसवून मी रोज...”

खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांनी काकूंच्या हातात दिली.

शस्त्रक्रियेची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. मुलगा आणि सून यांना काकूंनी सगळं सांगितलं आणि तोवर गाडी मी चालवीन म्हणूनही सांगितलं. परवाना होता. काका शेजारी बसून इतक्या सूचना करायचे, की नऊ वर्षांपूर्वी वैतागून काकूंनी गाडी चालवणंच सोडलं होतं. गॅरेजवालीने कंपनीचे जुने दिवे परत बसवले आणि तिसऱ्या जोडीचा खोका न बोलता मागच्या डिकीत ठेवला.

पहिल्या पहाटे काका तयार होऊन दारात उभे. “मी नुसता बसतो. अधेमधे करणार नाही.” नको म्हणवेना. काकूंनी दोनदा गाडी बंद पाडली, मग निघाली. काका हातांची घडी घालून समोर बघत होते आणि पहिल्या वळणापर्यंत खरंच गप्प होते.

“अगं,” मग न राहवून म्हणाले, “दिवे तरी लाव.”

काकूंच्या जिभेवर आलं होतं काहीतरी चांगलं खरमरीत. पण त्यांनी आरशात बघितलं, तर मागून मासोळी काकूंकडेच बघत होती.

“लावलेत हो,” काकू म्हणाल्या.

गाडी थोडी पुढे गेल्यावर मासोळीने मागून काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आजोबा, वळण आलं,” ती म्हणाली. “आता खांब.”