बाईंनी काढलेला बाण

देखणं असेल त्याला जीव लावायचा आणि ओबडधोबड असेल त्याला संपवायचं, हा कायदा कोणी केला? ज्याने केला, त्याला मला एकदा समोरासमोर विचारायचं आहे. मारण्याआधी दोन क्षण नीट बघायला काय जातं तुमचं? पण तुम्ही बघत नाही. आपल्याला कळलंच आहे असं धरून चालता आणि हात उचलता. हात तुमचा असतो. हातात मात्र मी असतो.

मी चिमटा बोलतोय. घड्याळजीचा चिमटा. बोटापेक्षा थोडा लांब, पोलादी, टोकाशी सुईसारखा. भुवया कोरायच्या चिमट्याशी माझी तुलना करू नका, मला राग येतो.

माझी दोन टोकं दगडावर घासून अशी जुळवली होती की मधून केससुद्धा निसटू नये. पहिल्या दिवशी मालकांनी मला दिव्यासमोर धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "हं, चालेल." मग आम्ही चाळीस वर्षं बरोबर होतो. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, आणि मालकांच्या डोळ्याला भिंग. केसाहून बारीक कमानी मी उचलल्या, धुळीच्या कणाएवढे स्क्रू उचलले, पण कधी काही वाकवलं नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की मालक म्हणायचे, "घड्याळ तुमचं थांबलंय, माझं नाही. बसा." भिंगातून पुरतं बघितल्याशिवाय ते कशालाही हात लावत नसत. दुकानाची आणखी एक रीत होती. आतून काढलेला खराब भाग गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय टाकायचा नाही. छोट्या गोल डबीत जपून ठेवायचा.

हळूहळू घड्याळं दुरुस्त करून घेणारेच संपले. दुकान बंद झालं. मी दोन वर्षं खणात पडून होतो, संपलेल्या बॅटऱ्या आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या संगतीत. अंगावर तांबूस ठिपके आले.

मालकांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मालकही थट्टेने बाईच म्हणत. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारत, "बाई, आत येऊ का?" एका सकाळी मागच्या बागेत गुलाबांना पाणी घालताना बाई खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. पण बोलणं नाही, लिहिणंही नाही."

लेकीने पलंग मागच्या खिडकीला लावला. काचेबाहेर हातभर अंतरावर बाईंनीच लावलेले पाच गुलाब आणि घेवड्याचा वेल. एका सकाळी काचेवरून एक लाल किडा चालत वर गेला. मसुराएवढा, पाठीवर काळे ठिपके. पुस्तकात त्याला ढालकिडा म्हणतात. बाईंचं अर्धं तोंड हसलं, दीड महिन्यात पहिल्यांदा. मालकांनी ते पाहिलं आणि त्यांना पुन्हा काम मिळालं.

रोज चहाच्या आधी ते बागेत जाऊन मोजत आणि खिडकीतून ओरडत, "बाई, तुमच्या पाहुण्या आज अकरा!"

मग त्यांना ते दुसरे दिसले. काळे, लांबुळके, अंगावर काटे, कडेला नारिंगी डाग. सहा पायांवर सरपटणारी नखाएवढी मगर जणू. पानामागच्या पिवळ्या अंड्यांच्या पुंजक्याशीच ते घोटाळत होते. मालकांनी निकाल देऊन टाकला, "ह्या मगरी आपल्या पाहुण्यांना खातात." आणि मला खणातून काढलं.

दोन वर्षांनी ती बोटं लागली तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आज त्या आनंदाची लाज वाटते.

काम सुबक होतं. एकेक पान उलटायचं, मगरीला मधोमध पकडायचं, साबणाच्या पाण्यात सोडायचं. पानाला ओरखडा नाही. डोळ्याला भिंग होतं, पण ते पकडण्यासाठी. बघण्यासाठी नाही. एकदाही त्यांनी थांबून पाहिलं नाही की त्या मगरीच्या तोंडात आहे काय. तोंडात मावा होता. गुलाबाचा रस शोषणारी ती बारीक हिरवी कीड. मी तिला धरलेलं असतानाही ती तो खात होती.

मेलेल्या मगरी मालक कागदावर वाळवायचे आणि त्याच जुन्या गोल डबीत भरायचे. डबी खिडकीशी नेऊन म्हणायचे, "बाई, गृहपाठ तपासा!"

बाई डावा हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायच्या. अंगठी खणखण वाजायची.

"एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात," मालक लेकीला म्हणाले, "आमची बाई वाजवते बघ."

लेक कामावर निघाली होती. चप्पल घालता घालता म्हणाली, "बाबा, ती टाळी नसेलही. रागावली असेल. तुम्ही तासन् तास उन्हात उभे राहता."

"तू मला शिकवू नकोस. तिचा राग कुठला आणि शाबासकी कुठली, हे मला कळणार नाही तर कोणाला?"

मी त्यांच्या हातात होतो. बाईंचे डोळे मला दिसत होते. ती शाबासकी नव्हती.

संध्याकाळी लेकीने पाटी आणि खडू आणून दिला. बाईंनी डाव्या हाताने, घामाघूम होत, दोन चित्रं काढली. एक लांबुळकं, पायांचं. एक गोल, ठिपक्यांचं. आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणारा एक बाण. वर्षानुवर्षं त्यांनी फळ्यावर हाच बाण काढला असणार. मुलांनी वहीत उतरवून घेतला असणार. ह्याचं हे होतं, असं सांगणारा बाण.

मालकांनी पाटी हातात घेतली. त्यांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर! हा ह्याला खातो! बघितलंस गं, बाईंचं शिक्कामोर्तब!"

बाईंनी खडू फेकला. मालकांनी तो उचलून ठेवला आणि म्हणाले, "दमली बिचारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक मला खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर विसरले. माझ्या शेजारीच भिंतीला एक नारिंगी गोळी चिकटलेली होती. आमच्या तावडीतून सुटलेली एक मगर तिथे येऊन, आक्रसून, गप्प झाली होती. त्या गोळीची पाठ उकलली. आतून एक पिवळा, ओला, मऊ जीव बाहेर आला. एकही ठिपका नाही. दुपारपर्यंत पाठीवर ठिपके उमटत गेले, टीपकागदावर शाई यावी तसे. उन्हं कलली तेव्हा तो लाल व्हायला लागला होता.

काचेच्या आतून बाई बघत होत्या, बाहेरून मी. त्यांनी दांडी वाजवली नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी टोकं त्यांच्याकडे करून पडलो होतो. आजवर मी किती मगरी उचलल्या, ते मला त्या नजरेत समजलं. मीही मुकाच. आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हतं.

मालक आले आणि हरखले. "बाई, एक नवी आली! म्हणजे उपाय लागू पडतोय!" आणि दुप्पट जोमाने कामाला लागले.

पुढचं काय सांगू? पाहुण्या सात झाल्या, चार झाल्या, मग एकच उरली. मग तीही नाही. मावा कळ्यांच्या देठांवर थरच्या थर चढला. त्याचा गोड चिकटा चाटायला मुंग्यांची रांग लागली. पानं काळी पडली, कळ्या न उमलताच वाळल्या. घेवड्यावर पुढचे पाय जोडून बसणारा एक हिरवा प्रार्थनाकीटक असायचा, तोही निघून गेला. मालक वेड्यासारखे पानं उलटत राहिले. "मगरी तर संपवल्या. मग पाहुण्या का येत नाहीत?"

बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. लेक घास भरवते तो तोंडात तसाच राहतो. "आई, थोडं तरी," ती म्हणते. बाई डोळे मिटतात.

मी आता बागेतल्या ओट्यावर साबणाच्या वाटीत असतो. गंज टोकांपर्यंत आला आहे, टोकं जुळत नाहीत. जुळू नयेत, असंच वाटतं. उद्या मला कोणी उचललंच, तर एवढंच मागणं आहे. आधी बघा. कुरूप दिसतं त्याच्याकडे जास्त वेळ बघा.

आज सकाळी लेकीने रोपवाटिकेतल्या माळ्याला बोलावलं. त्याने एक फांदी वाकवली, बोट फिरवलं. "माव्याने खाल्लं की हो सगळं. पण काका, एवढा मावा, आणि त्याला खाणारं बागेत कोणीच कसं नाही?"

"आम्ही काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो," असं म्हणत मालकांनी अभिमानाने डबी उघडली.

खिडकीत हालचाल झाली. कितीतरी दिवसांनी बाईंनी तोंड इकडे वळवलं होतं. हात दांडीवर होता, पण वाजत नव्हता.

माळ्याने डबीत बोट घातलं, ती काळी वाळकी पूड हलवली आणि बराच वेळ बघितलं.

"काका, ही तर त्या लाल किड्यांचीच पिल्लं. घरात कोणीच सांगितलं नाही होय तुम्हाला?"