अध्यक्षांच्या पायाखालचा स्टूल

मी एक जुना लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल, त्यात तुमची काही चूक नाही. पाच शेजारी देशांचे प्रमुख एका ओळीत उभे आहेत, सगळे हसताहेत आणि सगळ्यांची डोकी साधारण एका उंचीवर आहेत, असा फोटो तुम्ही वर्तमानपत्रात पाहिला असेल. तो फोटो जिथे खाली संपतो, तिथून मी सुरू होतो.

माझा जन्म परिषदेच्या सभागृहामागच्या शेडमध्ये झाला. सभागृहाला नवं दार बसवून सागाचा एक तुकडा उरला होता. सुतार त्यातून स्वतःच्या घरासाठी चपलांची मांडणी करणार होता. तेवढ्यात एक अधिकारी हातात मोजायची टेप घेऊन धावत आले. पुढे ती टेप जन्मभर त्यांच्या हातात राहिली, म्हणून सगळे त्यांना टेपसाहेब म्हणू लागले.

"एक वीत उंच काहीतरी करून द्या. लगेच," टेपसाहेब म्हणाले.

"कशासाठी?"

"ते गुप्त आहे. त्यावर एक पंतप्रधान उभे राहणार आहेत."

सुतारानं पेन्सिल कानावर खोचली. "मग ठोकळा नको. पाय लावतो. पंतप्रधान म्हटल्यावर खाली हवा खेळती पाहिजे."

अशा रीतीनं मला चार पाय मिळाले.

त्याचं असं झालं होतं, की पाचही देशांच्या मूळ कराराचं पहिलंच वाक्य होतं, 'सर्व सदस्य देश समान आहेत.' हे वाक्य इतरांनी वाचलं आणि पान उलटलं. टेपसाहेबांनी मात्र ते मनावर घेतलं. देश समान, तर प्रमुखही समान दिसले पाहिजेत, आणि एक पंतप्रधान तर बाकीच्यांच्या खांद्याला लागत होते. त्या पंतप्रधानांनी माझ्यावर पाय ठेवला, फोटो निघाला, आणि उतरताना ते हळूच म्हणाले, "आज पलीकडचं दिसलं." मला मिळालेली ही पहिली शाबासकी. तिच्यावर मी बरीच वर्षं काढली.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्याच परिषदेत एका प्रमुखांनी करारावर सही केली, घरी गेले आणि जाहीर केलं, की मी त्या परिषदेला गेलोच नव्हतो. सही कोणाचीही असू शकते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून ठरलं, की आधी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा, तो कराराचं पहिलं पान म्हणून लावायचा आणि मगच सह्या करायच्या. फोटो नाही, तर करार नाही.

पुढच्या परिषदेत दुसऱ्या एका प्रमुखांना माझ्याबद्दल कळलं. त्यांनाही स्टूल हवा झाला. तो दिला, तर तिसऱ्यांना त्याहून दोन बोटं उंच हवा झाला. काही वर्षांत सगळे जेवणाच्या टेबलाएवढ्या उंचीवर उभे राहू लागले आणि फोटोग्राफर शिडीवरून फोटो काढू लागला. शेवटी एका अध्यक्षांचे केस छताच्या झुंबरात अडकले, तेव्हा कुठे ही प्रगती थांबली. उंचीविषयक उपसमिती बसली. तिनं ठरवलं, की सगळ्यांना अगदी सारख्या उंचीचे स्टूल द्यायचे. तसे ते दिले. परिणामी सगळे पूर्वी जमिनीवर दिसायचे तसेच दिसू लागले, फक्त थोडे वर.

नवे स्टूल दीड वीत होते. मी एक वीत. माझी रवानगी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत झाली. तिथे एक ओली बादली माझ्यावर ठेवलेली असायची. बादलीला समानतेचं काही सोयरसुतक नव्हतं. ओल माझ्या एका पायात शिरली आणि तो सांध्यातून हलू लागला.

मला तिथून बाहेर काढलं मावशींनी. मावशी म्हणजे सभागृहाची झाडलोट करणाऱ्या बाई. त्यांना सगळेच मावशी म्हणत, टेपसाहेबसुद्धा, जे त्यांच्यापेक्षा वयानं मोठे होते. भिंतीवर लावलेल्या परिषदांच्या फोटोंपर्यंत मावशींचा हात पोचत नव्हता. त्यांनी माझ्या हलत्या पायाला सुतळीचे घट्ट वेढे दिले आणि रोज माझ्यावर चढून त्या फोटोंच्या काचा पुसू लागल्या. माझ्यामुळेच निघालेले फोटो, आणि एकातही मी नाही. मी काही बोललो नाही. मला बोलता येत नाही.

मावशींची लेक नदीपलीकडच्या देशात दिलेली होती. मध्ये फक्त एक लोखंडी पूल. अलीकडचा अर्धा पूल आमचा देश हिरवा रंगवत असे, पलीकडचा अर्धा त्यांचा देश पिवळा. भांडण झालं ते बरोबर मधल्या तुकड्यावरून. तो कोणी रंगवायचा हे ठरेना, तेव्हा दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांनी पूल बंद केला आणि पाटी लावली, 'रंगकाम चालू आहे.' रंगकाम तर बंदच होतं. पण पाटी लागली आणि माणसांचं जाणंयेणं थांबलं. वळसा घालून जायचं तर आणखी दोन देश आणि त्यांचे परवाने.

आणि लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. सासू पूर्वीच गेलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही.

पुलाचा विषय त्या वर्षीच्या परिषदेत होता. मावशींनी पिशवी भरून माझ्याशेजारीच, जिन्याखाली ठेवली होती. परिषदेच्या दिवशी त्यांनी माझ्यावर टेकूनच लेकीला फोन लावला.

"आई, येतेस ना गं?" पलीकडून आवाज आला. "डॉक्टर म्हणतात, आज-उद्याच."

"येते तर! आत सगळं ठरलंय म्हणे. मोठ्या माणसांचा फोटो निघाला, की सह्या. सह्या झाल्या, की पूल उघडला."

"फोटोचा आणि पुलाचा काय संबंध?"

"मला विचारतेस होय? मी इथे केर काढते. संबंध काढणारी माणसं वेगळी."

"आई, मला भीती वाटते."

मावशींनी पदरानं माझी बसायची फळी पुसली, जी पुसायची काही गरज नव्हती. "वेडी कुठली. मला तुझ्या वेळी वाटली होती का? वाटलीच होती. पण तू आलीसच ना? ठेव फोन. जरा पडून राहा."

बाहेर मात्र घोटाळा झाला होता. आमच्या देशाचे अध्यक्ष नुकतेच बदलले होते. नवे अध्यक्ष ताडमाड उंच. टेपसाहेबांनी विचार केला, की यांना कशाला स्टूल? म्हणून त्यांनी पाचवा स्टूल रोपवाटिकेला कुंड्या ठेवायला देऊन टाकला. आणि ऐन वेळी उंच अध्यक्षांचे सचिव त्यांच्यासमोर उभे.

"सगळ्यांना स्टूल आणि आमच्याच साहेबांना जमीन? हा साऱ्या देशाचा अपमान आहे."

"पण ते आधीच उंच आहेत हो," टेपसाहेब काकुळतीला आले.

"उंची त्यांची स्वतःची. स्टूल परिषदेचा. दोन्ही गोष्टी वेगळ्या."

नदीपलीकडच्या अध्यक्षा स्टुलावर चढून तयार होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना स्टूल मिळणार नसेल तर मीही उतरते. पण मग फोटोही नको." बुटके पंतप्रधान घड्याळाकडे बघत होते. सगळ्यांची विमानं संध्याकाळच्या आत निघायची होती आणि पुढची परिषद पुढच्या वर्षी.

टेपसाहेब घामाघूम होऊन जिन्याखाली आले.

"मावशी, एखादा स्टूल आहे का हो?"

"आहे. पण पाय हलतो त्याचा."

"किती हलतो?"

"हलतो म्हणजे हलतो."

"माणूस पडेल इतका?"

"मी रोज चढते, अजून पडले नाही. पण मी काही अध्यक्ष नाही."

टेपसाहेबांनी मला उचललं. मावशी म्हणाल्या, "थांबा!" आणि खाली बसून त्यांनी सुतळीचे वेढे पुन्हा आवळले. दातांनी गाठ ओढली. माझ्या पायात इतकं बळ त्या सागाच्या झाडात असतानाही नव्हतं. त्यांच्या मनात काय होतं ते मला स्पष्ट कळत होतं. बाबा रे, एवढा एक फोटो धर.

मला ओळीच्या टोकाला मांडलं. नकाशात जसे देश शेजारी, तसेच प्रमुख शेजारी उभे राहतात, म्हणून माझ्या बाजूला नदीपलीकडच्या अध्यक्षा होत्या. स्टूल दिसू नयेत म्हणून समोर निळं कापड ताणलेलं होतं. टेपसाहेबांनी वाकून शेवटची नजर टाकली आणि त्यांना कापडाखालून डोकावणारं सुतळीचं टोक दिसलं.

"अरेरे, हे काय! हे शोभतं का?" असं म्हणून त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि सुतळी कापली.

"अहो साहेब, तीच तर..." मावशी दारातून ओरडल्या.

"मावशी, शूऽऽ! फोटो चाललाय."

उंच अध्यक्ष माझ्यावर चढले. मित्रांनो, मी शक्य तेवढं सगळं केलं. तीन पायांवर भार घेतला, चौथा नुसता टेकवून ठेवला. फोटोग्राफर म्हणाला, "हसा." सगळे हसले. त्यानं पुन्हा सांगितलं, "जरा खरं हसा." या दुसऱ्या हसण्याला वेळ लागला आणि तिथे माझा पाय गेला.

उंच अध्यक्ष कलले. पडू नये म्हणून त्यांनी नदीपलीकडच्या अध्यक्षांचा खांदा धरला. त्या दोघांमध्ये सकाळपासून एक शब्द झाला नव्हता. त्या अध्यक्षाबाईंनी पुढच्यांची बाही धरली, त्यांनी त्यापुढच्यांचा कोट, आणि त्यांनी बुटक्या पंतप्रधानांचा दंड. दुसऱ्या टोकाचे बुटके पंतप्रधान या ओढाताणीत चवड्यांवर उचलले गेले. अख्खी ओळ एका बाजूला कलली आणि तशीच थांबली. कोणीही पडलं नाही. पाचही जणांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं आणि दचकल्यावर येतं ते खरं हसू पाचही तोंडांवर होतं. फोटोग्राफरचं बोट बटणावरच होतं.

मग सचिव म्हणाले, "हा फोटो चालणार नाही."

टेपसाहेबांनी कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर टेप लावली. मग पुन्हा लावली. मग ते तिथल्या तिथे खुर्चीवर बसले.

"चालेल," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पाचही डोकी एका रेषेत आहेत. परिषदेच्या इतिहासात पहिल्यांदा."

उंच अध्यक्ष घसरून खाली आले होते, बुटके पंतप्रधान चवड्यांवर वर गेले होते आणि मधले कलल्यामुळे मधोमध जमले होते. कोणाचीच हरकत उरली नाही. सह्या झाल्या आणि पूल उघडला. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रानं लिहिलं, 'शेजाऱ्यांनी एकमेकांना सावरलं.' वर्तमानपत्रात कधी कधी अगदी खरं छापून येतं.

टेपसाहेबांनी मला मावशींच्या हातात दिलं. "याला इथून न्या. नाहीतर चौकशी समिती याला विचारेल, तू कोणाचा माणूस."

पुलावरच्या पहारेकऱ्यानं मावशींना अडवलं. "हे काय?"

"स्टूल."

"तीनच पाय?"

"चौथा पिशवीत आहे. सोड लेकरा, मला आजी व्हायला उशीर होतोय."

त्यानं सोडलं. मावशी पोचल्या तेव्हा लेकीच्या कळा सुरू झाल्या होत्या. तिनं आईला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, "आई, तू स्टूल का आणलास?" मग दोघी एकदम हसल्या आणि एकदम रडल्या. पहाटे नात झाली.

जावईबापूंनी मला नवा पाय बसवला. तो पलीकडच्या लाकडाचा आहे, जरा पिवळट. पहिले काही दिवस तो आणि बाकीचे तीन पाय एकमेकांशी जुळवून घेत नव्हते. मी डगमगायचो. आता सवय झाली आहे. परिषदेत म्हणे आता दर वर्षी सगळे प्रमुख एकमेकांना धरून तसेच कलून उभे राहतात. त्याचा आदल्या दिवशी सराव असतो आणि टेपसाहेब ओळीपुढून फिरत 'अजून थोडं कला' असं सांगतात. तो जुना फोटो कराराच्या पहिल्या पानावर आहे. नीट बघितलंत, तर कापडाखालून बाहेर आलेला एक तुटका पाय दिसेल. तो माझा. माझा तेवढाच फोटो आहे.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. घरातल्या स्टुलावर ओली बादली ठेवू नका. चढण्याआधी त्याचा पाय हलतो का ते बघा. आणि कुठे सुतळी बांधलेली दिसली, तर ती कापण्याआधी बांधणाऱ्याला एकदा विचारा.

आता नात माझ्यावर उभी राहते. माझ्याशिवाय तिला खिडकीतून पलीकडचं दिसत नाही. तिला पूल दिसतो, आधी पिवळा, मग हिरवा, आणि मध्ये गंजलेला एक तुकडा. तो कोणी रंगवायचा हे अजून ठरायचं आहे. दर सुट्टीच्या दिवशी त्या गंजलेल्या तुकड्यावर एक बाई पिशवी खाली ठेवून दम खायला थांबते आणि खिडकीकडे बघून हात हलवते. मग नात माझ्यावर उड्या मारू लागते.

मारू दे. चारही पाय घट्ट आहेत.