लाल डबी

थोरलीने मेजाला बसवलेल्या लोखंडी शेगड्याचा दांडा आणखी अर्धा फेरा आवळला आणि त्याच्या जबड्यात पकडलेली आपली रायफल कोपराने ढकलून पाहिली. हलली नाही. मग लाल डबीतलं पहिलं काडतूस तिने मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांत धरून आत सरकवलं.

क्लबच्या निळ्या आणि पिवळ्या डबीतली दहा-दहा मारून झाली होती. रविवारी नेमबाजी संघातल्या एकुलत्या एका जागेसाठी चाचणी होती, आणि ती सगळ्यांनी क्लबच्याच स्वस्तातल्या काडतुसांवर द्यायची हा हट्ट थोरलीचा. कुठलं काडतूस, ते ठरवायचं कामही म्हणून तिच्याच गळ्यात पडलं. नऊ वर्षं क्लबात तीच पहिली यायची. मग धाकटी जाऊ घरात आली, थोरलीनेच हौसेने तिला रायफल धरायला शिकवलं, आणि गेली दोन वर्षं पहिली धाकटी, दुसरी थोरली. बापाने परदेशातून भारी काडतुसांच्या लाल डब्या पाठवल्यावर कोणीही नेम मारेल, हे थोरलीने इतक्यांदा ऐकवलं होतं की वाक्य पुरं व्हायच्या आतच सेक्रेटरी मान डोलवायचे.

काल तुलनेसाठी तिने एक लाल डबी मागितली, तर धाकटी चाचरली.

"ताई, ती नको ना. निळी-पिवळी पुरेत की."

"का गं? दहा काडतुसांनी कंगाल होणार आहेस?"

धाकटीने मुकाट्याने डबी दिली. जीव तुटतोय मेलीचा, असं थोरलीला वाटलं, आणि बरंही वाटलं.

दहा बार झाले. तिने कागद आणून मेजावर पसरले. पिवळ्याची भोकं कागदभर उधळली होती. निळ्याची दहाही कोटाच्या बटणाखाली झाकली गेली. लालचीही. तिने बटण सरकवून, फिरवून पाहिलं.

"शक्यच नाही," ती कागदाला म्हणाली.

तिने लालच्या वाटीतल्या रिकाम्या पुंगळ्या उपड्या केल्या. लाल डबीतल्या काडतुसांच्या बुडावर मुकुटाचा छाप असतो. इथे तारा होता, म्हणजे निळ्या डबीतला माल. आपणच वाट्यांची अदलाबदल केली असेल म्हणून तिने लाल डबीत उरलेली चाळीस काडतुसं मेजावर ओतली. चाळीसही तारेच.

तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटी तिला निळ्यावर हरवत होती! आपण हरतो म्हणून ज्या काडतुसांना थोरली दोन वर्षं शिव्या घालत होती, त्याच काडतुसांवर. गोळी चोख होती, शेगड्यात रायफलही चोख ठरली होती. उरली ती थोरली.

अहवालाचा कागद समोरच होता. पिवळं लिहिलं तर? पिवळ्यावर कोणाचाच हात चालला नसता, सगळा नशिबाचा खेळ झाला असता, आणि नशिबाने एखाद्या वेळी थोरलीलाही हात दिला असता. तिने 'पि' लिहिलाही.

दार वाजलं. धाकटी आत आली, मेजावर पसरलेले तारे पाहून जागीच थांबली.

"केव्हापासून?" थोरलीने विचारलं.

"दीड वर्ष झालं. बाबा कायमचे परत आले ना तिकडून."

"मग लाल डबीत कशाला भरतेस?"

धाकटी बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"तुम्ही सगळ्यांना सांगायचात, लाल डबीमुळे म्हणून. मला वाटलं, असू दे."

असू दे! हिने चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. दस्ता खांद्याला कसा टेकवायचा हे जिला आपण दाखवलं, तिने आपली कीव करावी? दीड वर्ष? थोरलीला तिच्या एक मुस्कटात ठेवून द्यावीशी वाटली. 

 मग तिने 'पि' खोडला, 'निळं' लिहिलं आणि सही केली.

"सेक्रेटरींना आत बोलाव."

"कशाला, ताई?" धाकटी घाबरली. "असू दे ना. कोणाला कळायचंही नाही."

थोरलीने उघडी लाल डबी मेजाच्या मधोमध ठेवली आणि मूठभर काडतुसं तारा वर येईल अशी एकेक करून तिच्याभोवती उभी केली.

"बोलाव म्हणते ना. आणि तू मध्ये तोंड उघडू नकोस. मी सांगते."