मधलं काढून टाकलेलं जग

जरा कल्पना करा, तुम्हाला कुणीतरी अख्खं जग दाखवायचं ठरवलंय. त्यासाठी ना विमानाचं तिकीट, ना बॅग भरायची कटकट. घरातली मागची खोली आहे, खिडकीवर जाड चादर टाकलीये, एका भिंतीला पांढरा रंग दिलाय, समोर गादी आणि गादीवर तुम्ही. दिवा बंद केला की वाळवंट, दिवा लावला की बाबा. कसं वाटतंय? ऐसपैस वाटत असेल तर आता जरा सरका आणि भिंगरीला बसू द्या, कारण गादी तिची आहे आणि बाबाही तिचेच आहेत.

भिंगरी आठ वर्षांची. एका जागी ठरत नसे म्हणून आत्याने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं. तिची आई मालट्रक चालवायची. ट्रक कसला, चाकांवरचं गोदामच ते. इकडचा माल डोंगरांपलीकडे पोचवायचा, तिकडचा भरून परत यायचं. आई एकदा गेली की बरेच दिवस दिसत नसे. भिंगरी विचारायची, आई कधी येणार? बाबा सांगायचे, येईल गं, लांब गेलीये. असं बऱ्याचदा झाल्यावर एके दिवशी भिंगरीने पुढचा प्रश्न काढला.

"लांब म्हणजे किती?"

दुसऱ्या कुणी नकाशा काढला असता आणि विषय संपवला असता. पण बाबांना एवढ्या स्वस्तात सुटायचं नव्हतं. "नुसतं सांगून काय कळणार?" ते म्हणाले. "मी तुला सगळं जगच दाखवतो."

आता बाबांचा धंदा काय, ते ऐका. लग्नात लोक दिवसभर जे काही करतात ते कॅमेरावाला टिपतो आणि तो सगळा ढीग कापून, जोडून, बघण्यासारखा करायला बाबांकडे आणून टाकतो. बाबा त्यातली जेवणाची रांग कापत, जांभया कापत, नवरीच्या काकांचं भाषण कापत आणि मग आता यांचं काय काम म्हणून काकांनाही कापत. राहिलेलं लग्न इतकं सुसाट पळे की ते बघून खुद्द नवरा-नवरीला आपण फार मजा केली असं वाटू लागे. गल्लीत सगळे बाबांना 'कात्री' म्हणत आणि बाबा ती पदवी असल्यासारखी मिरवत. त्यांचा एकच नियम होता. माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना दिसला की कापायचं. निघाला म्हटलं की पोचला. मधलं बघायला कुणाला वेळ आहे?

अशा माणसाने भूगोल शिकवायला घेतला.

त्यांनी माहितीपट जमवले. ध्रुवावरचे, ज्वालामुखींचे, नद्यांचे, जंगलांचे. जोडीला वाळवंटात हरवलेल्या आणि बेटावर अडकलेल्या लोकांचे चित्रपट. पण पोरीला कंटाळा येता कामा नये, म्हणून प्रत्येक फीत ते आधी स्वतः बघत आणि स्वच्छ करून ठेवत. संशोधकांची बोट बर्फाकडे निघालीये, दिवसचे दिवस नुसतं पाणी. उडवलं. उंटांचा तांडा चालतोय, अजून चालतोय, तरी चालतोय. उडवला. एका मेंढपाळ कुटुंबावरचा माहितीपट तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालण्याचाच होता. बाबांनी त्यातली फक्त मेंढी ठेवली.

शिकवणी जोरात सुरू झाली. भिंगरी हुशार होती, भराभर शिकत गेली. कुठल्या देशात कुठला प्राणी, कुठल्या नदीत मगरी, कुठे सहा महिने रात्र, सगळं तिच्या जिभेच्या टोकावर. शिवाय तिने स्वतःच्या बुद्धीनेही थोडा भूगोल तयार केला होता. गरम देश पिवळे असतात आणि थंड देश निळे. गरीब देशात बासरी वाजते. जगात सगळीकडे एकच काका राहतात, ते दिसत नाहीत, पण सारखे हळू आवाजात समजावून सांगत असतात. बाबांनी हे ऐकलं तेव्हा ते खूश झाले. निरीक्षण म्हणतात ते हेच, असं त्यांनी फोनवर आईलाही सांगितलं. आई तेव्हा कुठल्यातरी पेट्रोलपंपावर उभ्या उभ्या जेवत होती. ती बरं म्हणाली.

'लांब म्हणजे किती' हा प्रश्न मात्र भिंगरीने पुन्हा विचारला नाही. बाबांना वाटलं, चला, पोरीला उत्तर मिळालं.

उत्तर तिला मिळालं होतंच. फक्त कुठलं, ते कळायला एक रविवार उजाडावा लागला.

त्या रविवारी आई दुपारच्या जेवणाला येणार होती आणि जेवणानंतर भिंगरीच्या ज्ञानाचं प्रदर्शन होतं. प्रेक्षक म्हणून आत्याला बोलावलं होतं. आत्या बाबांची थोरली बहीण आणि दातांची डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात हत्यार घालून मग त्याला प्रश्न विचारायची तिला सवय, त्यामुळे उलट उत्तर ऐकण्याची वेळ तिच्यावर फारशी येत नसे. जेवणाची वेळ टळली, आई आली नाही. ताटं झाकून ठेवली. बाबा म्हणाले की तोवर आपण सुरू करू.

भिंत उजळत गेली, भिंगरी धडाधड सांगत गेली. आत्या शांतपणे ऐकत होती. बाबा आत्याचा चेहरा बघत होते. लहानपणापासून या बहिणीने त्यांच्या एकाही उद्योगाला बरं म्हटलं नव्हतं आणि आज तिला म्हणावं लागणार असा त्यांना रंग दिसत होता.

"छान," आत्या म्हणाली. बाबांनी छाती भरून श्वास घेतला, तो त्यांना सोडता यायच्या आत तिने पुढे विचारलं, "मग मला सांग, आपल्या दारातून निघालं आणि त्या बर्फाच्या देशात जायचं झालं, तर वाटेत काय काय लागतं?"

भिंगरीने आत्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"वाटेत काही नसतं, आत्या. संगीत बदलतं."

आत्याने मान वळवून भावाकडे पाहिलं. बाबा घाईघाईने म्हणाले की तो भाग पुढच्या महिन्यात आहे. तेवढ्यात फोन वाजला म्हणून ते वाचले, म्हणजे त्यांना तसं वाटलं. फोन आईचा होता. घाटात रस्त्याचं काम काढलंय, तासन् तास गाड्या अडवून ठेवल्यात, आता यायला संध्याकाळ होईल. बाबांनी फोनचा आवाज मोठा केला आणि आईशी बोल म्हणून तो भिंगरीपुढे धरला.

भिंगरीने हात मागे बांधले.

"मला नाही बोलायचं. तिला यायचंच नसतं."

"असं काय बोलतेस?" बाबा म्हणाले. "आई लांब आहे, बाळा."

"लांब असं काही नसतं, बाबा. तूच दाखवलंयस. निघालं की पोचतात. सगळे पोचतात. उंटसुद्धा पोचतात." तिचा आवाज चिरकला. "आई मुद्दाम येत नाही."

फोनमधून मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकू आले. मग आईने विचारलं, "हे हिला कुणी शिकवलं?"

"तुझ्या नवऱ्याने," आत्या म्हणाली. "सचित्र."

बाबांनी फडताळावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला, वरची धूळ फुंकली आणि आई इथे, आपण इथे, असं बोट ठेवून दाखवलं. भिंगरीने तिथे आपला अंगठा टेकवला. आई, घर, घाट आणि मधला सगळा मुलूख अंगठ्याखाली गेला आणि वर थोडी नखाची जागा उरली.

"एवढ्याला इतके दिवस?" ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

मग बाबा कॉम्प्युटरकडे धावले. कुठेतरी एखादी बोट, एखादा चालणारा उंट, निदान त्या मेंढीच्या मागचा रस्ता उरला असेल. पण बाबा कामाचे चोख. जागा अडते म्हणून कापलेलं सगळं ते त्याच दिवशी पुसून टाकत. जगातल्या झाडून सगळ्या देशांत पोचलेली माणसं त्यांच्याकडे होती. जाणारा एकही नव्हता. मेंढी तेवढी होती आणि ती उभी होती.

"ऐकताय का?" फोनमधून आई म्हणाली. "रस्ता मोकळा झालाय. मी फोन समोरच्या काचेपाशी अडकवते, कॅमेरा रस्त्याकडे करून. गाडी चालवताना मी बोलणार नाही आणि तुम्हीही मला हाक मारायची नाही. तिला नुसतं बघू दे."

बाबांनी फोन भिंतीवर चित्र पाडणाऱ्या यंत्राला जोडला. भिंतीवर रस्ता आला.

रस्त्यावर काही घडत नव्हतं. एक खांब आला, गेला. दुसरा आला. समोर एक टँकर होता, तो पुढे जाईना आणि मागे पडेना. दूर एक निळसर डोंगर होता, तो आपला होता तिथेच. संगीत नव्हतं, समजावून सांगणारे काका नव्हते, फक्त इंजिनाची घरघर आणि मधेच आईचं खोकणं. बाबांची बोटं आपोआप कळफलकाकडे सरकली. आत्याने त्यांच्या मनगटावर चापट मारली, तशी त्यांनी हात काखेत घातले आणि ते बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आपली बायको दिवसभर काय बघते ते त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं. बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि ते संपत नव्हतं.

पुष्कळ वेळाने भिंगरीने नाक पुसलं.

"तो डोंगर जवळ का येत नाही?"

"येतोय," बाबा म्हणाले. "कळत नाही एवढंच."

"आईला रोज असंच दिसतं?"

बाबांना या विषयातली काही माहिती नव्हती. तरी त्यांनी मान हलवली.

भिंगरी उठली. स्वयंपाकघरातून तिने एक खुर्ची फरफटत आणली, मग परत जाऊन दुसरी आणली आणि भिंतीसमोर दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. आत्याचे गुडघे दुखत होते, ती एकीवर टेकायला गेली तर भिंगरीने तिला अडवलं. "तिथे आई बसलीये," ती म्हणाली. मग दुसऱ्या खुर्चीवर ती स्वतः चढली, पाय वर घेतले आणि समोरच्या टँकरवर नजर ठेवून गप्प बसली. चालवताना आईशी बोलायचं नसतं.