हाकेला ओ

"अहो, रुद्राणी तुमाला हाक मारायली."

छतावर डिश फिरवणारा गुंडप्पाचा हात जागीच थांबला. पोरगी रुद्राणी तापानं गेल्याला वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून जगदेवीनं नवऱ्याशी चकार शब्द काढला नव्हता. तो धडपडत खाली आला.

टीव्हीवर कोरियाचं कुठलंसं चॅनल लागलं होतं. परदेशात राहणाऱ्या त्यांच्या माणसांनी पैसे भरून बघायचं, पण नवं म्हणून सध्या फुकट उघडं ठेवलेलं. शिरूर कासारच्या आभाळात ते कसं भरकटलं, देव जाणे. पडद्यावर एक पोर उंबऱ्यात मांडी घालून बसली होती. तिनं मान वर केली आणि स्वच्छ हाक मारली, "आप्पा!"

गुंडप्पाच्या अंगावर सर्रकन काटा आला. रुद्राणी अगदी अशीच हाक मारायची, शेवट लांबवून.

"त्यांच्यातबी बापाला आप्पाच म्हणत असतील," तो म्हणाला. काहीतरी बोलणं भाग होतं.

"आपल्यात जाळीत न्हाईत. बसवून पुरलंय तिला," जगदेवी म्हणाली. "बसलेलं माणूस उठतंय. ओ द्या."

त्यानं ओठ घट्ट मिटले. कुठून आली ते ठाऊक नसलेल्या हाकेला ओ दिली की हाकामारी ही हडळ माणसाला घेऊन जाते, हे आईनं त्याच्या मनावर लहानपणीच बिंबवलं होतं. घरोघर जगभरची चॅनलं पोचवणारा हा केबलवाला, पण भीतीला कुठली आलीय अक्कल!

अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. दारांना कुलपं. चॅनल बदला म्हणणारंही कुणी नव्हतं. रोज दुपारी तोच भाग पुन्हा लागायचा. पोर हाक मारायची आणि उत्तराची वाट बघत गप्प बसायची. गुंडप्पाला वाटायचं, कालच्यापेक्षा ती जराशी अलीकडं सरकलीय. जगदेवी मात्र खुलली होती. वेणी घालायची, धपाटे करायची, बोलायची.

"तुमी ओ देत न्हाईत म्हणून ती मला हाक मारीना," ती म्हणायची. "आधी आप्पा, मग अव्वा. तिची रीतच हाय. कावून छळता पोरीला?"

चॅनल बंद करावं, तर बायको पुन्हा मुकी होणार. ओ द्यावी, तर... पुढचं त्याला मनातही आणवेना. बिचारा दुपार झाली की काही ना काही निमित्त काढून छतावर जाऊन बसे. हाक तिथंही ऐकू यायचीच.

एके दिवशी पडदा काळा झाला. गुंडप्पानं चॅनलांची कार्डं पुरवणाऱ्या बीडच्या माणसाला फोन लावला. "पेड झालं ते," तिकडून उत्तर आलं. "कार्ड त्यांच्याच लोकांला देतेत. हितं न्हाई मिळायचं."

घरात जगदेवी काळ्या पडद्यापुढं तशीच बसली होती. गुंडप्पानं तिचा चेहरा बघितला. मरण परवडलं, पण हे नको. तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला.

"ओ," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "ओ, बाळा! आप्पा हितंच हाय! ओ!"

रिकाम्या गल्लीतून त्याचाच आवाज परत आला. पडद्यात काही हललं नाही. जगदेवी त्याच्याकडं वळली.

"आता कुणाला ओ देता?" ती म्हणाली.

तिचं त्याच्याशी ते शेवटचं बोलणं. दिवेलागणीला तिनं ताट वाढलं आणि जेवा असंही न म्हणता त्याच्या गुडघ्यापाशी आणून ठेवलं.