पंच्यातला बॉल

अवधूत परबचा हात एका जागी स्वस्थ राहील तर शपथ! माणूस लिफ्टच्या सर्व्हिसला. बारा वर्षं नटबोल्ट आवळण्यात गेली. सैल दिसलं की आवळ, आवळलेलं दिसलं तरी जरासं आणखी आवळ. लालबागच्या घरातल्या नळाचे तीन वॉशर त्यानं असेच फाडले. "गप रव रे मेल्या, नळान काय केल्यान तुझा?" असं आई ओरडायची, तोवर चौथा गेलेला असायचा.

आणि अशा माणसाच्या नशिबी यावा बॉल डिफ!

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. रिमोटवर पळणारी, हातभर लांबीची शर्यतीची बग्गी असते. वळणावर तिचं बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. दोघांचं भांडण लागू नये म्हणून मागच्या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियल, म्हणजे आमचा डिफ, बसवतात. दोन पोलादी चकत्या, त्यांच्या मधल्या दातेरी चाकात साबुदाण्याएवढे बॉल, आणि हे सगळं दाबून धरणारा एकच स्क्रू. त्या स्क्रूच्या डोक्याखाली आणखी आठ बॉल, मोहरीएवढे. स्क्रू पूर्ण आवळायचा आणि मग पाव फेरा मागे यायचं. जास्त आवळलात तर गाडी वळायचं नाव घेत नाही. सैल राहिला तर बॉल घसरतात, डिफ किंचाळतो आणि जोर चाकापर्यंत पोचतच नाही. आता पाव फेरा मागे ये, हे अवधूतला सांगायचं म्हणजे मांजराला दुधाकडे पाठ कर म्हणायचं.

गाडी बांधायचा तो आणि पळवायची त्याची बायको, मनवा. परळच्या एका लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने तपासणारी बाई. हात असा स्थिर की बघत राहावं. मागच्या वर्षी फायनलच्या आधी अवधूतनं तिच्या नकळत डिफ आवळला. गाडी प्रत्येक वळणावर सरळ कडेच्या पाइपात. "हात लावलास?" तिनं विचारलं. "आईशप्पथ नाही!" हा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः स्क्रूचे फेरे मोजले. भांडली असती तर परवडलं असतं, पण ती भांडली नाही.

"हरले त्याचं काही नाही रे," ती म्हणाली. "शप्पथ घेतलीस तू. पुन्हा मला न सांगता उघडलास तर गाडी हेरंबकडे बांधायला देईन."

हेरंब म्हणजे दादरचा त्यांचा मित्र, शर्यती भरवणारा. तेव्हापासून डिफ अवधूतनं बांधला की मनवा दोन्ही चाकं धरून दातेरी चाक अंगठ्यानं ढकलून बघायची. किती जोरानं घसरतंय ते अंगठ्याला कळतं. वर्षभर प्रत्येक वेळी तिनं अंगठा लावला, आणि प्रत्येक वेळी अवधूतचा जीव चरकला. तिनं अंगठा न लावता गाडी उचलावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यापुढे ट्रॉफी गेली खड्ड्यात.

आज रविवार. लोअर परळमधल्या एका ऑफिसची रिकामी पार्किंग गच्ची, त्यावर कार्पेटचा ट्रॅक. फायनलमधले पहिले तिघं बंगलोरला जाणार होते आणि मनवा दुसऱ्या नंबरवरून सुटणार होती. पण नियम असा की, फायनलवाल्यांनी आधीच्या दोन शर्यतींत ट्रॅकवर उभं राहून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सुलट्या करायच्या. मनवा नारिंगी जाकीट घालून तिसऱ्या वळणावर गेली. गाडी अवधूतपाशी राहिली, तब्बल चाळीस मिनिटं.

बसवेना म्हणून त्यानं टेबल आवरायला घेतलं. बॉल घरंगळू नयेत म्हणून काल डिफ ज्या पंच्यावर बांधला, तो पंचा झटकला. टिक! टेबलावर मोहरीएवढा एक बॉल.

अवधूतनं तो चिमटीत उचलला. बॉलच्या पुडीतला जादा असेल. कधी असतो एखादा जादा. कधी नसतो! काल त्यानं मोजले होते, पण पाचव्यासहाव्या बॉलला मालाडहून लिफ्ट अडकल्याचा फोन आला होता. आत आठ आहेत की सात? सात असतील तर भर शर्यतीत स्क्रूखालचे बॉल विस्कटणार, डिफचा खुर्दा होणार. उघडल्याशिवाय कळायचं नाही.

तो उठला, चहा घेऊन आला, चहा तसाच ठेवला. पाना उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. हात नुसते शिवशिवत होते. चोरून उघडावं, बघावं, बंद करावं, कोण बघतंय? नाहीतर बॉल कचऱ्यात टाकावा आणि गप्प बसावं. दोन्हीत शेवटी खोटंच बोलायचं होतं. "च्यायला!" म्हणत तो धावत तिसऱ्या वळणावर गेला.

"मना, हा पंच्यात सापडला. आत कमी आहे की नाही, मला आठवत नाही."

तिनं क्षणभर त्याच्या तळहाताकडे बघितलं. तेवढ्यात एक गाडी उलटली. ती धावली, सुलटी करून परत आली.

"उघड," ती म्हणाली.

"तू येऊन बघशील ना, अंगठा लावून?"

"वेळ कुठाय? तूच बघ, तूच बंद कर. पाव फेरा मागे. मी अंगठा लावणार नाही."

अवधूत उलट्या पावली पळाला. ज्यासाठी वर्ष काढलं ते असं घाईगर्दीत, ओरडून मिळालं, आणि आनंद मानायलाही सवड नाही! गिअरबॉक्स काढला, डिफ उघडला, बॉल मोजले. आठ. पुन्हा मोजले, आठच. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली. नवीन बांधलेला डिफ हळूहळू फिरवून मुरवावा लागतो, कारण मुरताना तो सैल पडतो आणि मग नीट जुळवून घ्यावा लागतो. आता कसला मुरवतोय? ग्रीस लावलं, बॉल बसवले, स्क्रू पूर्ण आवळला, पाव फेरा मागे घेतला.

आणि हात थांबेना. हा सैल पडणार रे! केसभर आवळून ठेव, फक्त केसभर! पण तिनं पाव फेरा सांगितला होता, आणि विचारायला ती समोर नव्हती. त्यानं पाना खिशात टाकला, गिअरबॉक्स चढवला आणि सरळ दोन्ही हातांवर बसला.

मनवा आली, गाडी उचलली आणि गेली. चाकांकडे बघितलंसुद्धा नाही.

फायनल सुटली. चार मिनिटं ती दुसरी होती. पाचव्या मिनिटाला, वळणातून सरळ रस्त्यावर जोर देताना मागून बारीक आवाज आला. किर्र. पुढच्या वळणावर मोठ्यानं. डिफ सैल पडला होता, किंचाळत होता, गाडी जोर घेत नव्हती. एक गाडी पुढे गेली. शेवटच्या सरळ रस्त्यावर आणखी एक. मनवा चौथी आली.

ती टेबलापाशी आली तेव्हा अवधूतला वर बघवेना.

"आठही होते आत," तो म्हणाला. "उगाच उघडला. आणि बंद करताना वाटलं होतं गं, केसभर आवळावा. आवळला असता तर आज बंगलोरला—"

"माहितीय मला." मनवानं रिमोट खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिनं लपवलंही नाही. "खूप वाईट वाटतंय रे. पण तो किंचाळायला लागला ना, तेव्हाच कळलं. आवळला नाहीस तू."